निधी उपलब्ध होताच

निवृत्त माणसाने दोन गोष्टी कराव्यात, असं आमच्याकडे मानतात : दुपारी झोपावं आणि सकाळी तत्त्वज्ञान सांगावं. मला झोप लागत नाही. तेव्हा उरलेली गोष्ट दोन्ही वेळा करतो.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत कारकून होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण सकाळचा चहा मला अजून त्याच टपरीवर घ्यायचा असतो. माझ्या टेबलावर दोन जातीच्या फायली यायच्या. रस्ता, नाली, सभागृह यांच्या फायली जाडजूड. त्यांच्याबरोबर एखादे नगरसेवक, एखादा ठेकेदार आणि पाठोपाठ चहा यायचा. दुसऱ्या फायली बारक्या. कुणाचं उपदान, कुणाचं नोकरीत असताना झालेल्या ऑपरेशनचं बिल. त्यांच्याबरोबर एक म्हातारा यायचा आणि पंख्याखाली उभा राहून घाम पुसायचा. चहा नाही.

बारक्या फायलींसाठी मी एक वाक्य बनवलं होतं : ‘निधी उपलब्ध होताच विचार करण्यात येईल.’ वाक्य खोटं नव्हतं. निधी यायचा; पण तो आला की जाड फाईल वर असायची. ती वर कोण ठेवायचं? मीच.

सफाई खात्यातले एक निवृत्त मुकादम फार चिकाटीचे. दर महिन्याला यायचे.

“बाबू, आलं का माह्यं बिल?”

“मार्चनंतर या, मुकादम.”

“कोनत्या मार्चनंतर? तेवढं सांगून द्या नं.”

आम्ही सगळे हसलो. तेही हसले. पुढे ते यायचे थांबले. का, हे मी विचारलं नाही. फायलीवर शेरा मारला : ‘अर्जदार पाठपुरावा करीत नाही. दप्तरी दाखल.’ त्या वर्षी आमच्या चौकात सिमेंटचा रस्ता झाला.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. निवृत्त झाल्यावर बिलाची चौकशी करायला गेलो, तर नव्या पोराने मला पत्र दिलं. ‘निधी ऊपलब्ध होताच...’ त्यातला ‘ऊ’ दीर्घ होता. ती चूक माझी. पोराने मसुदा इमानाने जपला होता.

तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे : गावाने आधी काय द्यावं? पुढच्यांना रस्ता, की मागच्यांना औषध?

रस्त्याच्या विरुद्ध बोलायची माझी छाती नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी ज्या जिल्ह्यात शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे, तिथल्या माणसाला वाटेची किंमत कळते. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. मेहकर, सिंदखेडराजाकडून जाणारी ती वाट पाहायला मीही मुद्दाम गेलो होतो. शिवाय म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायलाही रस्ताच लागतो.

पण एक फरक आहे. रस्ता हे आश्वासन असतं, म्हाताऱ्याचं बिल हे कर्ज असतं. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नाही. केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. मुकादमांच्या बिलालाही मी तोच न्याय लावतो. त्यांनी गटारं आधी उपसली होती, पैसे नंतर मिळायचे होते. म्हणजे तितकी वर्षं गावच त्यांचं उधारीवर होतं. वाण्याची उधारी थकवून गावजेवण घालणाऱ्याला आपण काय म्हणतो? नगरपालिकेने केलं की त्याला विकास म्हणतो.

आता योजना आहेत, नाही असं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारतमध्ये घेतलं आहे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. पण ती सोय दवाखान्याच्या खाटेवर पडल्यावरची. खाटेवर पडू नये म्हणून रोज घ्यायची रक्तदाबाची गोळी ज्याची त्याने आणायची. गोळीचं भूमिपूजन करता येत नाही, ही तिची मुख्य अडचण.

खरं तर रस्त्याचंही आमच्यासारखंच होतं. नवा असतो तोवर फीत, नारळ, कोनशिला. खड्डे पडले, की त्याचीही फाईल बारीक होते. आपल्याला बारशाची हौस फार. पुढचं औषधपाणी शेजाऱ्याने करावं.

माझं बिल शेवटी निघालं. आत ओळख होती ना!

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. मी त्याच सिमेंटच्या रस्त्याने जातो. आता त्याला भेगा पडल्या आहेत. कोनशिलेवरची सगळी नावं मला पाठ झाली आहेत. रस्त्याच्या टोकाला मुकादमांचं घर आहे. मी अलीकडच्या चौकातून परत फिरतो. बायकोने विचारलं, तर सांगतो, गुडघा दुखतो.