दैवाचा पाचवा वाटा

उसाचा हंगाम सुरू झाला की मुळशी तालुक्यातल्या भरे, घोटावडे, पिरंगुट या पट्ट्यातल्या रस्त्यांवर एक वेगळी वाहतूक उतरते. कंपन्यांच्या बस, कंटेनर, हिंजवडीला कामावर निघालेल्या दुचाक्या यांच्यामधून ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या ओढत चालतात. कासारसाई-दारुंब्रेचा संत तुकाराम सहकारी साखर कारखाना याच भागातला. पण हे चित्र एकट्या मुळशीचं नाही. कोल्हापूरपासून नगरपर्यंत जिथे ऊस तिथे ते आहे. दर हंगामात राज्यात कुठे ना कुठे ट्रॉली उलटते आणि उसाच्या ढिगाखाली माणूस सापडतो, किंवा रात्री दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मागून कोणीतरी आदळतं. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात आणि दहाव्याला घाटावर एकच वाक्य कानावर येतं : त्याची वेळ भरली होती. या वाक्यामागचं दुःख खरं असतं आणि घरच्यांना त्यातून थोडा धीर मिळत असेल तर तो कोणी काढून घेऊ नये. पण तेच वाक्य ट्रॅक्टरमालक उच्चारतो, मुकादम उच्चारतो, पंचनामा करणारेही उच्चारतात, तेव्हा तो जगाच्या कारभाराविषयी केलेला दावा ठरतो आणि दावा म्हणून तपासावा लागतो. माझ्या मते तो आपल्याच परंपरेच्या कसोटीवर टिकत नाही. ट्रॉली वळणावर उलटते हे खरं, पण कृत्य घडलेलं असतं ते फडात, ती भरताना.

भरण्यात एवढं काय असतं? दोन चाकी ट्रॉलीत भार आसाच्या किंचित पुढे असावा लागतो, म्हणजे ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर थोडी दाबून बसते. बैलगाडी हाकणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. ओझं मागे सरकलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. फार पुढे आलं की सगळा भार त्यांच्या मानेवर येतो आणि बैल ते लगेच दाखवून देतात. ट्रॅक्टर दाखवून देत नाही. मागे जड झालेली ट्रॉली दांडी वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन घटतं, आणि रस्त्यावरची पकड व ब्रेक या दोन्हींची मदार नेमकी त्याच चाकांवर असते. वेग वाढला की मागचा भाग डुलू लागतो आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. ब्रिटनमध्ये मोटारीमागे कॅरव्हॅन जोडणारे लोक जड सामान तळाशी, आसाजवळ ठेवतात आणि भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाच्या साधारण पाच ते सात टक्के भार हुकावर येईल असं पाहतात. निसर्गाचा नियम तोच आहे. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा उद्या मुळशी धरणाकडे सहलीला निघालेल्या कुटुंबालाही हा प्रश्न चुकणार नाही. उसाच्या बाबतीत त्यात उंचीची भर पडते. कठड्याच्या वर थरावर थर चढत गेले की गुरुत्वमध्य वर जातो, आणि रस्त्याची कड खचलेली असेल तर आडवं व्हायला थोडासा कल पुरतो. त्यात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. उतार लागला की ओझंच ट्रॅक्टरला पुढे ढकलतं. यातलं काहीही गूढ नाही. वजन, उंची, बांधणी, मागचा दिवा हे सगळं ट्रॅक्टर सुरू करण्याआधी उघड्या डोळ्यांना दिसतं.

आता दैवाकडे येऊ. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. गीतेने दैव नाकारलेलं नाही, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. पण त्याला पाचवा वाटा दिला आहे, पाचही नाहीत. ट्रॉलीच्या बाबतीत अधिष्ठान म्हणजे तो रस्ता आणि ते वाहन, करण म्हणजे हुक, टायर, ब्रेक, दोर. कर्ता आणि चेष्टा उघड आहेत. या चौघांचा हिशेब पुरा झाल्यावर जे उरतं ते दैव : अचानक आडवं आलेलं जनावर, नव्या टायरचं फुटणं. पहिल्या चार जागा मोकळ्या सोडून थेट पाचव्या जागेवर बोट ठेवणं ही श्रद्धा म्हणता येणार नाही. तो अपुरा हिशेब आहे. त्याच अध्यायात पुढे तामस कर्माचं लक्षण येतं : परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःची ताकद यांचा विचार न करता मोहाने सुरू केलेलं काम. क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या ट्रॉलीचं याहून नेमकं वर्णन आजच्या सुरक्षाविषयक पुस्तिकेतही सापडणार नाही. मोह कशाचा, तर एक खेप वाचवण्याचा.

याच्याही पुढे जैन विचार जातो आणि मला तो सर्वांत स्पष्ट वाटतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, जोडलेली आहे. जीव घेण्याचा हेतू असलाच पाहिजे असं तिथे म्हटलेलं नाही. आणि अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे दोष, दिले आहेत, त्यांत बांधणं, मारणं, अवयव छेदणं, अन्नपाणी तोडणं यांच्या बरोबरीने अतिभारारोपण आहे : पेलणार नाही एवढं ओझं लादणं. हे लिहिणाऱ्यासमोर गाडीचे बैल आणि पाठीवर गोणी वाहणारी जनावरं होती. आजही उसाच्या गाड्यांना बैल जुंपले जातात. 1965 च्या केंद्र सरकारच्या नियमांनी ओझ्याच्या जनावरांसाठी बैलाचा आकार आणि चाकाचा प्रकार यांनुसार कमाल भार ठरवला आहे, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायला बंदी केली आहे. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या समाजाला हे नियम परके वाटू नयेत. पण माझा मुद्दा व्यापक आहे. अतिभार हाच जर दोष असेल, तर तो लादतानाच पुरा होतो. बैल वाटेत बसला नाही, ट्रॉली उलटली नाही, तरी तो घडलेला असतो.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. शंभर ट्रॉल्या अशाच भरून जातात आणि नव्याण्णव सुखरूप पोहोचतात. मग ज्याची उलटली त्यालाच दोषी का धरायचं, त्याचं नशीबच वाईट नाही का? 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी नेमका हाच पेच मांडला आणि दोघांनीही उदाहरण घेतलं ते ट्रकचालकाचं. नेगेल म्हणतो, ब्रेक तपासण्यात हयगय केलेल्या चालकाच्या वाटेत मूल आलं तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देतो. मूल आलं नाही तर तीच हयगय कोणाच्या लक्षातही राहत नाही. पाश्चात्य चर्चेत हा पेच अजून सुटलेला नाही. मला वाटतं तत्त्वार्थसूत्राची बाजू घेतली की निदान दिशा मिळते. सुखरूप पोहोचलेल्या नव्याण्णव जणांनीही तेच केलेलं आहे. त्यांच्या वाट्याला आलं ते सुदैव, निर्दोषपण नव्हे. उलटलेल्या ट्रॉलीच्या चालकाचा दोष हलका करायचा असेल तर तो इतरांनी आपापल्या अंगावर घेऊन करावा. सगळ्यांनी मिळून तो आकाशावर टाकू नये.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. भरणारे हात कोणाचे? बीडहून किंवा नगरहून आलेली तोडणीची टोळी, उचल घेऊन आधीच बांधली गेलेली. तोडणीचे पैसे टनावर, वाहतुकीचे पैसे टनावर. ट्रॅक्टरवर बँकेचा हप्ता आहे, कारखान्याच्या आवारात वाहनांची रांग आहे, तोडलेला ऊस वाळत चाललाय आणि वजन घटतंय. अशा माणसाला तत्त्वज्ञान ऐकवणं हा अन्यायच आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. पण यावरून जबाबदारी वाटून घ्यावी लागते एवढंच सिद्ध होतं. ती नाहीशी होत नाही. गीताही पाच कारणं सांगून लगेच बजावते की जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचा विचार आहे. वेसण तुटली, जू मोडलं, आस किंवा चाक मोडलं, चालकाने बाजूला व्हा म्हणून ओरडून सांगितलं, अशा दहा प्रसंगी दंड नाही. पण चालकाच्या अकुशलतेने गाडी भरकटली तर दंड मालकाला, चालक कुशल असेल तर चालकाला, आणि अकुशल चालकाच्या गाडीत बसलेल्यांनाही प्रत्येकी दंड. ज्या ग्रंथातली विषमता पाहून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 25 डिसेंबर 1927 ला महाडला त्याचं दहन झालं, त्याचा दाखला मी अधिकारवाणी म्हणून देत नाही. ते दहन योग्यच होतं. दाखला एवढ्यासाठी की ज्या काळाला आपण दैववादी म्हणतो, त्या काळीही गाडीचा अपघात दैवावर सोडलेला नव्हता, आणि मालकाला विचारलं जात होतं. 1988 चा मोटार वाहन कायदाही हेच करतो. कलम 113 नुसार जादा वजनाचं वाहन किंवा ट्रॉली चालवणारा मालक नसेल, तर ते मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने घडलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे.

राहिला श्रद्धेचा प्रश्न. खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार घालणारा, हंगामाच्या पहिल्या खेपेला नारळ फोडणारा माणूस म्हणेल की राखणारा तो आहे, आपण कितीही मोजमाप केलं तरी काय? या श्रद्धेशी माझं भांडण नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटलं आहे की एका चाकावर रथ चालत नाही, तसं प्रयत्नावाचून दैव फळत नाही. रामदासांनी तर यत्नालाच देवाच्या जागी बसवलं. साधनाची पूजा करायची म्हणजे त्याची मर्यादा मान्य करायची. ज्याच्यापुढे सकाळी हात जोडले त्याच्यावरच दुपारी दुप्पट ओझं लादायचं, यात पूजाच खोटी पडते. आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी दुचाकीस्वाराने तो नारळ फोडलेला नसतो. आपल्या श्रद्धेच्या भरवशावर आपला जीव पणाला लावायचा हक्क एखाद्याला असेलही, दुसऱ्याचा लावायचा हक्क कोणालाच नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती टोळीकडे किंवा चालकाकडे नाही. प्रत्येक कारखान्याच्या दारात वजनकाटा असतो आणि प्रत्येक खेपेचं वजन तिथे नोंदलं जातं. म्हणजे अतिभाराचा पुरावा रोज, लेखी, कारखान्याच्याच दफ्तरात जमा होतो. उसाची किंमत शेतकऱ्याला पूर्ण द्यावी, तोडणीची मजुरी टोळीला पूर्ण द्यावी. पण वाहनाच्या नोंदणीतल्या क्षमतेपेक्षा जेवढं वजन जास्त भरेल तेवढ्याचं वाहतूक भाडं देऊ नये, आणि कमी भरून दोन खेपा करणाऱ्याला ते परवडेल असा दर द्यावा. साखर आयुक्तालय पुण्यातच आहे. येत्या हंगामाआधी तिथून हा आदेश निघायला हवा.