तटापलीकडची धास्ती

आपल्या शहराभोवतीचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादभोवतीचा तट औरंगजेबाने बांधला तो 1682 च्या सुमारास, मराठ्यांच्या छाप्यांच्या धास्तीने. एवढ्या बलाढ्य बादशहाला स्वतःच्याच नावाच्या शहराला भिंत घालावी लागली! मोगलांनी निजामशाही 1636 मध्येच बुडवली होती. तटानंतर 1686 मध्ये विजापूर पडले, 1687 मध्ये गोवळकोंडा. दक्षिणेचा घोर कायमचा मिटावा म्हणून एकेक राज्य गिळले. पण मधली राज्ये गेली आणि मराठे थेट समोर उभे ठाकले. 1689 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना हाल करून मारले, तरी लढा थांबला नाही. ताराबाईंच्या काळात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या. बादशहा दिल्लीला परतलाच नाही. 1707 मध्ये अहमदनगरला वारला आणि इथेच, खुलताबादेत पुरला गेला.

रशियाच्या बातम्या वाचताना मला हा इतिहास हटकून आठवतो. त्या देशाची पश्चिम बाजू म्हणजे सपाट मैदान, आडवा डोंगर नाही. 1812 मध्ये नेपोलियन त्याच बाजूने आला, 1941 मध्ये हिटलर. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसे गेली. ही भीती खोटी आहे असे कोण म्हणेल? त्या भीतीपोटीच मॉस्कोने पूर्व युरोपातले देश आपल्या मुठीत ठेवले. 1956 मध्ये बुडापेस्टमध्ये आणि 1968 मध्ये प्रागमध्ये रणगाडे घातले. पुढे 1999 मध्ये हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक नाटोत गेले, तेव्हा ते रणगाडे तिथे कुणी विसरले नव्हते.

फिनलंडचे उदाहरण तर अगदी ताजे. शीतयुद्धाची सगळी वर्षे हा शेजारी तटस्थ राहिला. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि एप्रिल 2023 मध्ये फिनलंड नाटोचा सदस्य झाला. नाटो दाराशी नको म्हणून युद्ध मांडले, आणि नाटोला लागून असलेली सीमा आणखी सुमारे 1,340 किलोमीटरांनी वाढली.

मॉस्कोची भीती समजून घ्यावी, हे मला मनापासून पटते. पण सीमेपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या खारकीव्हमध्ये मुलांचे वर्ग भुयारी मेट्रोच्या स्थानकांत भरवावे लागले आहेत. त्या मुलांच्या आईबापांची भीती कुठल्या परराष्ट्र धोरणात धरायची?