आंबलं म्हणून बिघडलं कुठं?

मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. झाल्यापासून आजवर मी एकच गोष्ट आंबवली, ती म्हणजे लोकांची कर्जप्रकरणं. आणि तीही हौसेनं नव्हे, वरून मंजुरी यायला वेळ लागला म्हणून. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मी घरी बियर करायला निघालो होतो, असं कुणी आमच्या शाखेत सांगितलं असतं तर शिपायानंसुद्धा विश्वास ठेवला नसता.

काडी लावली ती भाच्यानं. तो अमेरिकेत असतो आणि शनिवार-रविवार गॅरेजमध्ये बियर करतो. त्याच्या मते जगात याहून सोपं काही नाही. "मामा, बार्लीला मोड आणून वाळवायचे, म्हणजे माल्ट. ते गरम पाण्यात भिजवलं की गोड पाणी उतरतं. ते तासभर उकळायचं, त्यात हॉप्सची फुलं टाकायची, म्हणजे कडवटपणा येतो. मग थंड करायचं, यीस्ट घालायचं आणि दोन आठवडे हात लावायचा नाही. नवशिक्याचं बिघडतं ते दोनच कारणांनी. भांडी स्वच्छ नसतात, नाहीतर धीर नसतो."

भांडी आणि धीर ही आमच्याकडे दोन्ही खाती बायकोकडे आहेत. पण मला मोह पडला तो हिशेबाचा. यीस्ट साखर खातं आणि त्या बदल्यात अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड देतं. शंभर ग्रॅम ग्लुकोज नावे टाकलं, तर फार तर एक्कावन्न ग्रॅम अल्कोहोल जमा आणि उरलेला एकोणपन्नास ग्रॅम वायू. ताळेबंद जुळला! इतका चोख ताळेबंद मी आमच्या शाखेत ३१ मार्चच्या रात्रीही पाहिलेला नाही.

पण मी पडलो पापभीरू माणूस. त्यातही भीरू जास्त. कायदा उघडून पाहिला. भाच्याच्या अमेरिकेतसुद्धा घरी बियर करायला केंद्राची मोकळीक मिळाली ती १९७८ साली, अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली तेव्हा. आता तिथं घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला दोनशे गॅलन करता येते. हा आकडा ऐकून बायको म्हणाली, "आपल्या नळाला तेवढं पाणी तरी येतं का?" आपल्याकडे १९४९ सालचा दारूबंदी कायदा आहे. पूर्वी तो मुंबईच्या नावानं होता, आता महाराष्ट्राच्या नावानं आहे. दुकानातून घेऊन प्यायची तर परवाना मिळतो. घरच्या गॅसवर करायची तर मिळते ती कोठडी. भाच्यानं आणलेली हॉप्सची पुडी मी कपाटात, विम्याच्या कागदांखाली ठेवून दिली.

आता गंमत बघा. हे सगळं मी नगर जिल्ह्यात बसून करतोय (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जीभ अजून जुन्याच खात्यावर व्यवहार करते). याच जिल्ह्यात १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्या वाटेनं पुढं कितीतरी कारखाने निघाले. ऊस आला की साखर आली, साखर आली की मळी आली आणि मळी आली की तिच्यापासून मद्यार्क आला. २०२५ सालापर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायला लागले. म्हणजे माझी स्कूटर रोज सकाळी माझ्यादेखत घेते, तिला परवाना लागत नाही आणि वर ते देशकार्यात धरतात!

शेवटी मी तडजोड काढली, आल्याची बियर. नाव बियर, पण जात सरबताची. चार लिटर पाणी, दीडशे ग्रॅम आलं ठेचून, अर्धा किलो साखर, दोन लिंबं. उकळायचं, कोमट होऊ द्यायचं (गरम असताना यीस्ट घातलं तर ते मरतं) आणि चिमूटभर यीस्ट. दोन-तीन दिवसांत फेस धरतो. वेळेवर थंड जागी ठेवलं तर अल्कोहोल अगदी नावाला. तरी मी पुन्हा कायदा पाहिलाच. व्याख्येत अल्कोहोल असलेले सर्व द्रव पदार्थ! मग इडलीचं पीठ द्रव धरायचं की घन?

बायको म्हणाली, "मी वीस वर्षं या घरात आंबवतेय. दही, इडली, ढोकळा, आंबोळी. कुणी चौकशीला आलं नाही. आंबलं म्हणून बिघडलं कुठं?"

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. माझी आजी माळकरी होती. तिच्यासमोर कुणी 'दारू' हा शब्द उच्चारला तरी ती चूळ भरायची. पण दोन्ही जेवणांनंतर तिला दोन चमचे द्राक्षासव लागायचं. ते मनुकांचं, धायटीची फुलं घालून आंबवलेलं. त्यातला मद्यार्क सहज बियरइतका, कधी दुपटीच्या घरातही जातो. मग पाप नेमकं कशात? टक्क्यात म्हणावं तर आजी सापडते. मापात म्हणावं तर चमचा कुठं संपतो आणि पेला कुठं सुरू होतो? हेतूत म्हणावं, तर आजीला द्राक्षासव घेताना जो आनंद व्हायचा तो निव्वळ पचनाचा नव्हता, हे आम्हा नातवंडांना पक्कं ठाऊक होतं.

आणि यीस्टला तर यातलं काहीच माहीत नाही. १५१६ साली बव्हेरियात बियरसाठी कडक कायदा झाला. बार्ली, हॉप्स आणि पाणी, याखेरीज चौथं काही घालायचं नाही. यीस्टचं त्यात नावच नाही, कारण ते कुणाला दिसतच नव्हतं. सगळं काम करणारा हजेरीपटावर नाही! बँकेत काढलेल्या माझ्या आयुष्यात मला इतकं आपलं दुसरं कुणी वाटलेलं नाही.

इथवर मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांच्या मावशी आल्या, ओट्यापाशी थबकल्या आणि त्यांनी हवेत नाक वर केलं.

"काका, हे रसायन कशाचं लावलंय?"

मी चपापलो. 'रसायन' हा शब्द मी फक्त पेपरात वाचलेला, 'पोलिसांनी छापा टाकून कच्चे रसायन नष्ट केले' या बातमीत. म्हटलं, "मावशी, सरबत आहे आल्याचं." त्यांनी कॅनला कान लावला, डॉक्टर छातीला लावतो तसा. "अजून दोन दिस. बुडबुड बसली की झालं. झाकण घट्ट नका लावू."

भाच्यानं यासाठी अमेरिकेतून एक नळी आणि एक काचेचं मापयंत्र आणलं होतं. मावशींनी कानानं काम केलं. "तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

त्या भांडी घासत घासतच बोलल्या. सासऱ्याची ओढ्याकाठी, बाभळीच्या आडोशाला भट्टी होती. काळा गूळ, नवसागर, पाणी. "लग्न होऊन गेले तवा सासूनं पहिलं हेच शिकवलं. भाकरी नंतर. माझ्या हातचं कधी बिघडलं न्हाई, काका. लांबून मागणी यायची." मग जरा थांबून, "आमच्यात चाखायचं नव्हतं, इकायचं होतं. मालक चाखाया लागले. माझ्याच हातचं. सात वर्षं चाखलं आन् गेले."

आणि त्यांनी पातेलं उपडं घातलं.

तत्त्वज्ञान म्हणजे काय हे मला कॉमर्समध्ये शिकवलं नव्हतं. पण त्या दिवशी बँकेत नोटा मोजताना दोनदा चुकलो. माझं आणि मावशींचं काम एकच होतं. साखर, पाणी, धीर आणि स्वच्छ भांडी. त्यात कसब कुणाचं जास्त, हे सांगायला नको. तरी माझ्या उद्योगाला म्हणायचं छंद आणि त्यांच्या उद्योगाला गुन्हा. कायद्यातला फरक मला कळतो. त्यांचा माल भट्टीवर चढायचा आणि गावात घरं मोडायची, तीही खरीच. पण मला वाटतं खरा फरक आणखी एक आहे. जी फसली तरी संध्याकाळची भाकरी चुकत नाही, ती हौस. मावशींना हौस करायला सवडच मिळाली नाही, आणि ज्या गोष्टीत त्या तरबेज होत्या तिनंच त्यांचं घर नेलं.

आमच्याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले आणि पुढं गावातल्या भट्ट्या बंद झाल्या. गाव सुधारलं, ते सगळ्यांनी पाहिलं. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटकेही दिले गेले. ते अण्णांनी स्वतःच सांगितलेलं आहे. पूर्वी मी ऑफिसात चहा पिताना यावर जोरदार मत द्यायचो, फटके मारून का कुणी सुधारतो वगैरे. आता मावशींच्या जागी बसून बघतो तेव्हा मत पूर्वीचंच राहतं, पण आवाज चढत नाही. सात वर्षांत त्यांच्या मालकांना कुणीतरी अडवायला हवं होतं. कुणी, कसं, हे मला सांगता येत नाही.

तर आल्याच्या बियरचं पुढं काय झालं? मी मावशींचं ऐकलं नाही. भाच्यानं बजावलं होतं की प्लास्टिकच्या बाटलीत भर, अंगठ्यानं दाबून बघ, कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. मी आपला काचेच्या बाटल्यांत भरली, शोभेसाठी. बुचं घट्ट. बाहेर मे महिना. रात्री दोन वाजता तो एकोणपन्नास ग्रॅमचा हिशेब एकदम वसूल झाला. पहिल्या बाटलीला शेजारच्यांचा दिवा लागला, दुसरीला त्यांचं दार उघडलं, तिसरीला मी स्वतःच ओरडलो, "काही नाही, सरबत आहे!"

बायको झाडू घेऊन आली. म्हणाली, "राहू दे, सकाळी मावशी काढतील."

"नको," मी म्हटलं. काचा मी वेचल्या. छताला लागलेलं आलं पुसलं. तीन वेळा फरशी धुतली आणि शेवटी फिनेलची अख्खी बाटली ओतली. सात वाजता मावशी यायच्या आत घराला रुग्णालयाची कळा आली होती.

मावशी आल्या. दारातच थबकल्या, नाक वर केलं आणि पदर खोचत म्हणाल्या,

"काका, म्या सांगितलं हुतं, झाकण घट्ट लावू नका म्हणून."