दम, घड्याळ आणि तिसरी चढाई

खेळाच्या नियमांत वेळेची मर्यादा घालावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता प्रेक्षकांच्या कंटाळ्याचा वाटतो. मुळात मात्र तो खेळात वाट पाहण्याचा हक्क कोणाला असावा आणि त्या हक्काची किंमत कोणी मोजावी, याचा प्रश्न आहे. गुण मिळवण्याची संधी एका वेळी एकाच पक्षाच्या हाती असणाऱ्या कोणत्याही खेळात आघाडीवरच्या संघाला काहीही न करणे हाच सर्वांत सुरक्षित डाव ठरू शकतो आणि मागे पडलेल्या संघाला कौशल्य असूनही ते दाखवायची वेळच मिळत नाही. संथपणा आणि वेळ काढणे यांतला भेद येथे सुरू होतो. पकडीची जागा हेरत, बचावफळीचा एखादा कोपरा सैल पडण्याची वाट पाहत मैदानात फिरणारा खेळाडू संथ असेल, पण तो खेळत असतो. घड्याळ संपण्याची वाट पाहणारा खेळाडू मात्र प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याची वेळ वापरत असतो.

बास्केटबॉलमध्ये हा भेद नियमांना फार उशिरा कळला. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमधील फोर्ट वेन पिस्टन्स आणि मिनियापोलिस लेकर्स यांच्यातला सामना १९-१८ असा संपला, कारण बलाढ्य प्रतिस्पर्ध्यापासून चेंडू दूर ठेवणे एवढेच धोरण पिस्टन्सने पत्करले होते. १९५४ मध्ये सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी रंगलेल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू फेकतात असे धरून ४८ मिनिटांच्या २,८८० सेकंदांना त्या आकड्याने भागले आणि २४ सेकंदांच्या आत चेंडू बास्केटकडे फेकण्याचे बंधन आले. यालाच शॉट क्लॉक म्हणतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष संघांनी मात्र पुढची तीस वर्षे हे बंधन टाळले. मार्च १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने व्हर्जिनियाविरुद्धचा अंतिम सामना चेंडू आपल्याकडेच खेळवत ठेवून ४७-४५ असा जिंकला, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि १९८५-८६ च्या हंगामापासून ४५ सेकंदांची, पुढे १९९३-९४ मध्ये ३५ आणि २०१५-१६ मध्ये ३० सेकंदांची मर्यादा आली. या विलंबामागे केवळ रूढिप्रियता नव्हती. दुबळ्या महाविद्यालयाच्या संघाला बलाढ्य संघाशी झुंजण्याचे एकमेव हत्यार म्हणजे खेळाचा वेग कमी करणे, असा त्या बाजूचा युक्तिवाद होता आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही.

मुंबईच्या उपनगरांत हाच प्रश्न कबड्डीच्या रूपाने अधिक जवळून पाहता येतो. अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, कांदिवली या पट्ट्यात मंडळांची, व्यायामशाळांची आणि कंपन्यांच्या संघांची कबड्डी अनेक पिढ्या रुजलेली आहे. येथील मातीच्या मैदानांवर विजेच्या झोतात चालणाऱ्या स्पर्धांत एकाच संध्याकाळी अनेक सामने उरकायचे असतात आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, त्यामुळे वेळ हा येथे केवळ गुणफलकाचा विषय राहत नाही.

कबड्डीत वेळ मोजण्याचे मूळ साधन घड्याळ नव्हते. ते चढाईपटूच्या छातीत होते. प्रतिपक्षाच्या अंगणात गेलेल्या खेळाडूने एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ हा उच्चार अखंड चालू ठेवायचा, त्याला दम घालणे म्हणतात, आणि दम तुटला की चढाई संपून खेळाडू बाद ठरायचा. जगातील फार थोड्या खेळांत वेळेची मर्यादा अशी खेळाडूच्या शरीरातून आली असेल. तिचे सौंदर्य उघड आहे: ज्याचा दमसास मोठा त्याला अधिक वेळ, म्हणजेच वेळ ही कमवायची गोष्ट. तिची अडचणही तितकीच उघड आहे, कारण उच्चार स्पष्ट आहे की पुटपुटणे, मध्येच श्वास चोरला की नाही, हे पंचाच्या कानावर अवलंबून राहते आणि गर्दीच्या गोंगाटात तो कान कितपत भरवशाचा, हा वाद जुनाच आहे.

शिवाय दमाने एकेका चढाईला मर्यादा घातली, तरी निष्फळ चढायांच्या मालिकेला कोणतीच मर्यादा नव्हती. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. चढाईपटूने ती ओलांडणे बंधनकारक आहे, परंतु ती ओलांडून, कोणालाही स्पर्श न करता परत आला तर चढाई वैध आणि गुण शून्य. आघाडीवरच्या संघाने असा खेळाडू पाठवायचा, त्याने निदान रेषेवर पाय टेकवल्यासारखा करून डावीउजवीकडे झुलत राहायचे आणि परतायचे, हे दृश्य सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत सर्रास दिसत असे.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि तिने दोन नियम घराघरांत पोहोचवले. एक, चढाईला ३० सेकंदांची मर्यादा. दुसरा, एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, अन्यथा चढाईपटू बाद आणि प्रतिस्पर्ध्याला एक गुण. समालोचक तिला ‘डू ऑर डाय’ म्हणतात. मैदानावर ‘तिसरी चढाई’ एवढेच पुरते. पहिला नियम बास्केटबॉलच्या घड्याळाचा थेट भाऊबंद आहे. दुसरा नियम मात्र वेगळ्या जातीचा असून विचाराच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे, कारण तो वेळ मोजत नाही, निष्फळता मोजतो. संघाने संथ खेळावे, सावध खेळावे, पण सावधपणाचे खाते दोनदा वापरले की तिसऱ्यांदा जोखीम घ्यावीच लागेल, असे तो सांगतो.

बियासोन यांच्यासारखाच भागाकार येथेही करून पाहण्याजोगा आहे. पुरुषांचा सामना ४० मिनिटांचा, म्हणजे २,४०० सेकंदांचा. प्रत्येक चढाईने पूर्ण ३० सेकंद घेतले तर एकूण चढाया ८०. दोन्ही संघ कमालीचे भित्रे खेळले तरी दर सहा चढायांत दोन निर्णायक ठरतात आणि अशा प्रत्येक चढाईत कोणाला तरी गुण मिळतोच, त्यामुळे ढोबळमानाने २५ गुणांच्या खाली सामना जाऊ शकत नाही. भेकडपणाला असा तळ घालून देणारा नियम बास्केटबॉलकडे नाही. तेथे घड्याळ संपताना कसाबसा फेकलेला चेंडू चुकला तरी नियम पाळलेला असतो.

या नियमाने एक नवे कसब जन्माला घातले, हेही नोंदवले पाहिजे. सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा तिसऱ्या चढाईचा खेळाडू म्हणून ओळखला गेला: समोर सात जणांची बचावफळी, तिला ठाऊक आहे की याला रिकाम्या हाताने परतता येणार नाही, म्हणून ती पुढे न येता मागे सरकून सापळा लावते, आणि तरीही ३० सेकंदांत हाताच्या किंवा पायाच्या एका टोकाने तो गुण चोरायचा. येथे दमाइतकेच धैर्य लागते, आणि हे धैर्य पूर्वीच्या खेळात मागितलेच जात नव्हते असे नाही, पण ते सक्तीने मागितले जात नव्हते.

नियमाची उणीव मात्र झाकण्यात अर्थ नाही. संघांनी त्याचे वेळापत्रक करून टाकले आहे: पहिल्या दोन चढाया जाणूनबुजून रिकाम्या, तिसरीसाठी ठेवणीतला खेळाडू. दोन्ही बाजूंनी असे केले तर चार चढाया, म्हणजे दोन मिनिटे, कोणी गुणासाठी हात लांबवत नाही. वेळ काढणे संपले नाही. त्याला हप्ते पडले. शिवाय चढाईपटूची कोंडी झाल्यामुळे बचावाची पहिल्या दोन चढायांतली आक्रमकताही ओसरते, कारण पुढे येऊन पकड करण्याचा धोका पत्करण्यापेक्षा तिसरीची वाट पाहणे स्वस्त पडते. तीनपेक्षा अधिक बचावपटू नसताना केलेल्या पकडीला म्हणजे अव्वल पकडीला जादा गुण मिळतो. बचावाला पुढे यायला लावणारी ही तरतूद नसती तर खेळ अधिकच साचला असता.

परंपरेच्या नावाने या बदलांना विरोध करणाऱ्यांची बाजू येथे कमकुवत पडते, कारण कबड्डी नियम बदलतच घडलेली आहे. बाद खेळाडूला सहकाऱ्याने गुण मिळवताच परत आणणारी संजीवनी, बाद तो बादच मानणारी गामिनी आणि कोणीच बाहेर न जाणारी अमर, असे तीन प्रकार एकेकाळी चालत. त्यांतून संजीवनी टिकली, कारण तीत हरत्या संघाला परतण्याची वाट होती. तिसऱ्या चढाईचा नियम त्याच परंपरेत बसतो. त्यातून खरोखर काही हरपत असेल तर तो दम. ३० सेकंदांचे घड्याळ फलकावर दिसू लागल्यापासून पंचाचा कान सैल झाला आहे, आणि अनेक सामन्यांत चढाईपटूचे ओठ हलताना दिसतात पण उच्चार ऐकू येत नाही. घड्याळ आणि दम एकमेकांचे पर्याय नाहीत. घड्याळ चढाई लांबवू देत नाही, तर दम ती सोपी होऊ देत नाही, आणि दुसरे काम कोणतेही यंत्र करू शकत नाही.

उपनगरातील मंडळांच्या दृष्टीने याला एक व्यावहारिक बाजूही आहे. बास्केटबॉलचे २४ सेकंदांचे घड्याळ बसवायला दोन्ही बास्केटवर यंत्र, वीज आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस लागतो, आणि महाविद्यालयीन मैदानावर ते सारे जमवणे सोपे नसते. तिसऱ्या चढाईला गुणलेखकाच्या वहीत दोन उभ्या रेघा पुरतात. म्हणूनच हा नियम वातानुकूलित सभागृहातून घाटकोपरच्या मातीवर विनासायास उतरू शकतो. किशोर गटासाठी मात्र तो सरसकट लावण्याआधी थांबायला हवे: त्या वयातल्या चढाईपटूला बचावफळी वाचायला, कोपरारक्षकाच्या पायाची हालचाल ओळखायला आणि भरल्या आवाजात दम घालायला शिकायचे असते, आणि दोन चढायांत ते शिकून होत नाही. तेथे तिसरीऐवजी पाचवी चढाई निर्णायक धरावी आणि पंचाने दमाबाबत तसूभरही सूट देऊ नये.