पन्नाशीतला पॉइंट गार्ड

टाळ्या वाजत असतानाच रंगमंच सोडावा, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यात वाद घालण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही. खेळाडूंच्या बाबतीत तर नाहीच नाही. तिशी उलटली की पाय जड होतात, पस्तिशीला वर्तमानपत्रं विचारायला लागतात, आणि चाळिशीनंतर मैदानात दिसणारा माणूस बहुधा शिट्टी घेऊन उभा असतो. मग फिलिपिन्सच्या रॉबर्ट जावोर्स्कीचं काय करायचं? हा माणूस १९९७ साली, पन्नाशी ओलांडल्यावरही व्यावसायिक बास्केटबॉल खेळत होता. हौशी किंवा मदतनिधीचे सामने नव्हेत, देशातली सगळ्यात मोठी लीग. आणि बाकावर बसलेल्या या गृहस्थाला ‘आता पुरे’ म्हणायचं सोडून प्रेक्षक त्याला आत उतरवा म्हणून त्याच्याच नावाचा गजर करायचे.

आधी या देशाचं बास्केटबॉलशी नातं कसं आहे ते सांगायला हवं. अमेरिकी राजवटीबरोबर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ तिथे आला आणि वस्तीवस्तीत रुजला. खांबाला ठोकलेली फळी, तिच्यावर एक कडं, खाली रबरी चपला घालून धावणारी पोरं, हे दृश्य तिथल्या कुठल्याही गल्लीत दिसतं. सरासरी उंची बेताची असलेल्या लोकांनी उंच माणसांच्या खेळावर इतका जीव टाकावा, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. पण १९५४ च्या जागतिक स्पर्धेत याच देशानं कांस्यपदक मिळवलं होतं. १९७५ मध्ये तिथे फिलिपिन बास्केटबॉल असोसिएशन सुरू झाली, आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्यातले संघ शहरांचे नसतात, कंपन्यांचे असतात. कुणी मोटारींचा, कुणी कापडाचा, कुणी दारूचा.

जावोर्स्कीचा जन्म १९४६ चा, बागियोचा. वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई फिलिपिनो. उंची सहा फुटांच्या किंचित वर, अंग दणकट, आणि डोकं तापट. कॉलेजात त्याला घडवलं ते बेबी दालुपान या प्रशिक्षकानं. १९६७ मध्ये सोलला आशियाई अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघात तो होता, पुढच्या वर्षी मेक्सिको ऑलिंपिकलाही गेला. मग १९७१ मध्ये एका सामन्यात त्यानं आणि त्याच्या एका सहकाऱ्यानं चक्क पंचांवर हात टाकला. दोघांवर आजन्म बंदी आली. ती आजन्म टिकली नाही, कारण १९७३ ची आशियाई स्पर्धा मनिलालाच होती आणि देशाला हे दोघे हवे होते. फिलिपिन्सनं ती स्पर्धा जिंकली. गरज पडली की शिक्षा सैल होते, हे काही फिलिपिन्सपुरतं खरं नाही. पण म्हणून पंचांना मारणं क्षम्य ठरत नाही. त्याचे चाहते ही गोष्ट जरा हसत सांगतात, ते मला पटत नाही.

टोयोटाच्या संघात लीगमधली त्याची पहिली नऊ वर्षं गेली, नऊ विजेतेपदं आली, १९७८ चा सर्वोत्तम खेळाडूचा किताबही मिळाला. समोर क्रिस्पा नावाचा तितकाच तगडा संघ, आणि त्याचा प्रशिक्षक होता तोच जुना गुरू दालुपान. या दोन संघांच्या लढतींनी सत्तरच्या दशकातला फिलिपिन्स दुभंगून टाकला होता. घराघरांत, एकाच जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष. १९८३ नंतर टोयोटानं संघच बंद केला. तेव्हा जावोर्स्की सदतीस वर्षांचा होता. थांबायला याहून सोयीचं निमित्त कुठलं? तो जिनच्या कंपनीच्या संघात गेला. तोच संघ पुढे हिनेब्रा झाला. ही जिन गोरगरिबांची, नाक्यावरच्या दुकानात मिळणारी. संघही तसाच झाला, रिक्षावाल्यांचा नि हमालांचा. १९८५ पासून जावोर्स्की त्याचा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पासिगच्या स्टेडियममध्ये जे झालं ते तिथली शाळकरी मुलंही सांगू शकतील. प्रतिस्पर्धी संघातल्या एका खेळाडूचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. त्याला दवाखान्यात नेलं, नऊ टाके पडले. इकडे सामना चालूच, आणि हिनेब्रा पंधरा गुणांनी मागे. चौथ्या सत्रात हा माणूस तोंडाला पट्टी लावून परत आला. स्टेडियम उसळलं. तो आत उतरला आणि समोरच्या संघाचा खेळ विस्कटला. हिनेब्रानं सामना काढला. शेवटपर्यंत हार न मानणारा संघ ही त्यांची ओळख त्या रात्रीपासून झाली असं तिथे मानतात.

पण मला त्याची आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. टोयोटातला त्याचा जोडीदार रामोन फर्नांडेझ, चार वेळा सर्वोत्तम ठरलेला उंच, हुशार खेळाडू. संघ फुटल्यावर दोघांचं असं बिनसलं की वर्षानुवर्षं बोलणं नाही. १९८९ च्या ऑल-स्टार सामन्यात ज्येष्ठांच्या संघात दोघे एकत्र आले, प्रशिक्षक पुन्हा दालुपान. सामना अगदी शेवटच्या क्षणांवर आला. बाजूच्या रेषेबाहेरून चेंडू आत टाकायचं काम जावोर्स्कीकडे होतं. त्यानं तो फर्नांडेझला दिला, फर्नांडेझनं बचाव चुकवून बास्केट केली आणि सामना जिंकला. मग दालुपाननं दोघांना हात मिळवायला लावले. त्रेचाळीस वर्षांचा माणूस आणि त्याचा रुसलेला मित्र, आणि दोघांना कान धरून एकत्र आणणारा म्हातारा गुरू. १९८३ ला तो थांबला असता तर ही गाठ कुठल्या तरी सत्कार समारंभात पडली असती, किंवा पडलीही नसती.

आता त्या वयाचा प्रश्न. खेळाडूच प्रशिक्षक असला की कुणाला उतरवायचं आणि किती वेळ, हे तोच ठरवतो. म्हणजे स्वतःच स्वतःची नेमणूक करायची. आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेत असं झालं तर अध्यक्षसाहेब पूर्ण सामनाभर खेळले असते. जावोर्स्कीनं तसं केलं नाही. बास्केटबॉलमध्ये बदली झालेला खेळाडू पुन्हा कितीही वेळा आत येऊ शकतो, ही सोय त्यानं नेमकी ओळखली. वय वाढलं तसा तो बाकावर जास्त आणि आत कमी राहिला. शिवाय त्याची जागा पॉइंट गार्डची. त्याला सगळ्यांत उंच उडी मारायची नसते. कोण कुठे मोकळा आहे हे आधी दिसावं लागतं. ते दिसणं वयाबरोबर कमी होत नाही, उलट वाढतं. पाय थकले तेव्हा त्यानं त्यांच्याकडून कमी मागितलं, डोळ्यांकडून जास्त.

शिवाय त्याच्या नावापुढे संघ झाकोळला गेला नाही. १९९१ च्या अंतिम मालिकेत हिनेब्रा शेलच्या संघाविरुद्ध तीन-एक असा मागे पडला आणि तिथून चार-तीननं जिंकला. सातव्या सामन्यात शेवटच्या सेकंदाला बास्केट केली ती रुडी डिस्ट्रिटोनं. १९९७ चं विजेतेपद मार्लू अकिनो, नोली लोक्सिन, बाल डेव्हिड या तरुण फळीनं आणलं. तेव्हा संघाचं नाव गॉर्डन्स जिन होतं, आणि पन्नाशी उलटलेला प्रशिक्षक खेळाडूंच्या यादीतही होता. राहायचं ठरवलेल्या माणसाला एवढं जमलं तर त्याच्या राहण्याबद्दल तक्रार कशी करायची? खुर्ची अडवणं आणि घरात असणं यांत फरक आहे. वेळेवर थांबावं हा नियम पहिल्या प्रकारच्या माणसांसाठी आहे. सरसकट सगळ्यांना लावला की दुसऱ्या प्रकारचेही आपण घालवून बसतो.

अर्थात हेच गणित त्याला सगळीकडे जमलं असं नाही. १९९८ मध्ये तो सेनेटवर निवडून आला. ज्या प्रेमानं त्याला चाळिशीनंतरही खेळवलं, त्याच प्रेमानं मतं दिली. सेनेटर झाल्यावरही काही महिने त्यानं संघाचं प्रशिक्षकपद ठेवलं होतं, मग सोडलं. २००४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि पडला. मैदानात त्याला माफ करणाऱ्या लोकांनी मतपेटीशी वेगळा हिशेब केला, आणि माझ्या मते तो रास्त होता. हिनेब्रानं मात्र २०१२ च्या जुलैमध्ये त्याची सात नंबरची जर्सी समारंभानं निवृत्त केली. तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता.