शब्दांवाचून प्रार्थना

येत्या शनिवारी सॅक्सोफोन ऐकायला जाणार आहे आणि मनात प्रश्न घोळतोय: शब्दांवाचून प्रार्थना होते का? हरिपाठाच्या घरात वाढल्यामुळे नामाशिवाय भक्ती मला सुचतच नसे.

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने डिसेंबर १९६४मध्ये 'अ लव्ह सुप्रीम' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्याच्या शेवटच्या भागात त्याने देवाला उद्देशून लिहिलेली स्वतःची कविता सॅक्सोफोनवर अक्षरशः म्हटली आहे. ती रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेली आहे. समोर धरून ऐका: ओळ संपते तिथे सूर उतरतो, श्वास घेतला जातो. मागे ड्रमवादक एल्विन जोन्सची टिंपनी घुमत राहते. मला तर हे नामस्मरणच वाटतं, फक्त ओठांऐवजी रीड थरथरते.

आणि शनिवारचा वादक देव मानत नसेल तर? कोल्ट्रेनला स्वतःला देवाची जाग १९५७मध्ये, व्यसनातून सुटताना आली. पण त्याआधीचं त्याचं वादन देवाविना होतं, असं म्हणायला मी तयार नाही.