आतून खाणारा जंग



मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने कसर व जंग यांचा उल्लेख एकत्र केला आहे. तेथील ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण जंग असे करितो, त्याचा मूळ अर्थ केवळ 'खाणे' असा आहे. लोखंड तसेच खाल्ले जाते. हवेतील प्राणवायू व ओल ही दोन्ही मिळाली म्हणजे त्यावर तांबूस गंज चढतो. तो मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापितो, म्हणून त्याचे पोपडे सुटतात, आणि खाली उघडे पडलेले लोखंड पुन्हा गंजू लागते. खाऱ्या वाऱ्यात हे किती लवकर घडते, ते कोकणातील बांधवांस सांगावयास नको.

सर्व धातूंचा स्वभाव मात्र एक नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यास हवा लागताच त्यावर डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा बसतो व तो घट्ट चिकटून आतल्या धातूस राखितो. रुपे काळे पडते ते हवेतील गंधकाच्या वाफेने. राखेने घासले की उजळते. तांबे उघड्यावर वर्षानुवर्षे राहिले म्हणजे हिरवे होते. न्यूयॉर्क बंदरात 1886 साली उभारिलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा असाच हिरवा झाला, पण त्याचा पत्रा टिकला. आतल्या लोखंडी पट्ट्या मात्र तांब्याशी लागून गंजल्या, आणि 1984 ते 1986 च्या डागडुजीत त्या बदलाव्या लागल्या. सोने तर हवेने गंजतच नाही. याकोबाने आपल्या पत्रात सोन्यासही जंग चढविला आहे, तो सोनाराच्या शास्त्राप्रमाणे नव्हे. मजुरांची मजुरी अडवून ते साठविणाऱ्याच्या विरुद्ध साक्ष म्हणून होय.

आमच्या हातून घडलेली एक चूक येथे सांगतो. मंदिराच्या घंटेचा लोखंडी आकडा गंजला होता. नाताळ जवळ आलेला. खरवडण्यास वेळ लागेल म्हणून आम्ही त्यावर तसाच काळा तेलरंग देवविला. रंग सुरेख दिसला. गंज ओल धरून ठेवितो हे आम्हांस ठाऊक होते. दुसऱ्या पावसाळ्यात आकडा तुटला, आणि दोर ओढणारा मुलगा क्षणापूर्वी जेथे उभा होता तेथे घंटा पडली.

उपदेशक बंधूंनो, त्याच सुमारास बांधावरून भांडणाऱ्या दोन घरांचा समेटही आम्ही असाच केला होता. कोणी किती घेतले हे न विचारिता प्रभुभोजनापूर्वी दोघांस हात मिळवावयास लाविले, आणि समेट झाला असे अहवालात लिहिले. पेरणीच्या दिवसांत काठ्या निघाल्या.

मग जे आधी करावयाचे ते केले. दोन्ही घरांस बांधावर नेले, दोरी धरिली, जुन्या खुणा शोधिल्या. भर उन्हात पुष्कळ वेळ कडू बोलणे झाले. आम्हांसही दोन शब्द ऐकावे लागले. शेवटी एकाने आपल्या नांगराने तीन हात जमीन ओढल्याचे कबूल केले. पुढे तो काही बोलला नाही; वाकून बांधाचे दगड मागे नेऊ लागला. दुसऱ्या घरचा थोरला मुलगा काही वेळ पाहत राहिला, मग मोठा दगड उचलावयास त्याच्या जोडीला गेला.